ओढणी, खिसा आणि परिपत्रक

सरकारी कर्मचाऱ्यांनी कामावर काय घालावं, याचं एक परिपत्रक राज्याच्या सामान्य प्रशासन विभागानं 8 डिसेंबर 2020 रोजी काढलं होतं. जीन्स-टी-शर्ट नको, गडद रंगाचे आणि चित्रविचित्र नक्षीचे कपडे नकोत, स्लीपर नको, शुक्रवारी खादी. पुरुषांचा विषय शर्ट-पँटमध्ये आटोपला. बायकांसाठी मात्र साडी, सलवार किंवा चुडीदार-कुर्ता, ट्राउझर आणि त्यावर कुर्ता किंवा शर्ट अशी यादी आली, आणि शेवटी 'आवश्यकता असल्यास दुपट्टा'. पुढच्याच वर्षी सरकारनं जीन्सवरची बंदी उठवली, टी-शर्टवरची ठेवली. म्हणजे जीन्सनं प्रशासनाची शान जाते हा शोध काही महिनेच टिकला.

माझं घोडं अडलं ते त्या आवश्यकतेपाशी. ती कोणाला वाटायची? घालणारीला, शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला, की केबिनमधल्या साहेबांना? शर्ट-पँटला अशी कुठली अट जोडलेली नव्हती. 'आवश्यकता असल्यास पोट आत घ्यावे' असं पुरुषांना सांगणारं परिपत्रक अजून तरी माझ्या वाचनात आलेलं नाही.

पोशाखाचे नियमच नकोत, असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये टोपी-मास्क हवाच. पोलिसाला खाकी हवी, कारण गर्दीत तो लांबून ओळखू आला पाहिजे. वकिलाचा काळा कोट आणि गळ्यातले पांढरे बँड यांनाही अर्थ आहे. कोर्टात उभा राहिलेला माणूस स्वतःच्या वतीनं बोलत नाही, दुसऱ्याच्या वतीनं बोलतो, हे त्या कपड्यावरून कळतं. मे महिन्यात नागपुरात तो कोट अंगावर चढवणं ही शिक्षाच, पण ती वकील बाईला आणि वकील बुवाला सारखीच, आणि खालच्या कोर्टांत उन्हाळ्यात कोटाला सूट देण्याइतकी माणुसकी नियमांतही आहे. याच बार कौन्सिलच्या नियमांत महिला वकिलांना साडी, लांब स्कर्ट, सलवार-कुर्ता असे पर्याय दिलेत, आणि ओढणी असो वा नसो, दोन्ही चालेल असं स्पष्ट लिहिलंय. न्यायदान ओढणीवाचून अडत नसेल, तर तहसील कचेरीतला सातबारा कसा अडतो?

माझं म्हणणं एवढंच आहे की कामाच्या ठिकाणचे कपडे कामानं ठरवावेत. ज्याला नियम करायचाय त्यानं त्याचं कारण द्यावं, आणि ठरावीक कपडा हवाच असेल तर त्याचा खर्चही उचलावा. कारण विचारल्यावर 'बरं दिसत नाही' यापलीकडे उत्तर येत नसेल, तर तो नियम कोणाच्या तरी डोळ्यांची सोय पाहून केलेला असतो.

काम कपडे कसे ठरवतं हे बघायचं असेल तर दसऱ्यानंतर साखर कारखान्यांच्या पट्ट्यात जावं. बीड, अहिल्यानगरकडून आलेल्या टोळ्यांतल्या बायका उसाच्या फडात उभ्या असतात. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, आणि तिच्यावर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेला. उसाच्या पात्याला धार असते. उघडा हात दिवसभरात चिरून निघतो, शिवाय पाचटीची कूस लागून खाज सुटते ती वेगळीच. म्हणून शर्ट. वऱ्हाडात कापूस वेचताना तेच, पुण्या-मुंबईत इमारतीच्या साइटवर घमेली वाहताना तेच. नवऱ्याचा जुना शर्ट साडीवर चढवला म्हणून कुठल्या गावानं सभा भरवलेली नाही, की संस्कृती बुडाल्याचं पत्र वर्तमानपत्राला धाडलेलं नाही. याच बाईची मुलगी तालुक्याच्या कॉलेजात टी-शर्ट घालून गेली, की मात्र पारावरच्या मंडळींना कंठ फुटतो. बाई वाकून राबते तोवर तिच्या अंगावर काय आहे ते कोणाला दिसत नाही. ती खुर्चीवर बसायला लागली, पगारपत्रकावर सही करायला लागली, की सगळ्यांना दिसायला लागतं. 'तरुण मुलींनी काय घालावं' या आपल्या चर्चेत अंगणवाडी सेविका नसते, आशाताई नसते, सफाई कामगार नसते. त्यांना गणवेश असतो, आणि तो त्यांना सोयीचा आहे का हे विचारण्याची पद्धत नाही.

कायद्याला हे व्यवहारज्ञान फार पूर्वीपासून आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमाचं कलम 22 म्हणत होतं की चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्यानं अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत, आणि ते मालकानं पुरवावेत. होय, घट्ट. सैल कपडा पट्ट्यात अडकला तर हात जातो, जीव जातो. (तिथं 'प्रौढ पुरुष कामगार' असंच लिहिलं होतं आणि बायकांना त्या कामाजवळ फिरकू द्यायचं नव्हतं, ही तक्रार वेगळी आणि ती मी सोडलेली नाही.) केंद्रीय मोटार वाहन नियमांतही दुचाकीचं मागचं चाक निदान अर्धं झाकलेलं असावं असं कलम आहे. मागं बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत, हा हेतू. आपण त्याला साडी गार्ड म्हणतो. म्हणजे बाई मागे बसत होती तेव्हा सरकारनं तिच्या पदरासाठी गाडी बदलायला लावली. आता ती गाडी स्वतः चालवते, आणि तिला ओढणी आवरायला सांगितली जाते.

पुण्यात सकाळी कुठल्याही सिग्नलला उभं राहून बघा. सलवार-कुर्त्यातल्या निम्म्या मुलींनी ओढणी खांद्यावरून तिरकी घेऊन कमरेशी गाठ मारलेली असते, बाकीच्यांची डिकीत कोंबलेली असते. माझी भाची दुसऱ्या गटातली. पार्किंगमध्ये गाडी लावली की डिकीतून ओढणी काढते, झटकते, दोन्ही खांद्यांवर घेते, दोन पिना लावते आणि लिफ्टमध्ये शिरते. मग दिवसभर त्या ओढणीची एक वेगळी नोकरी चालते. टोक चहात बुडतं, खुर्चीच्या चाकाखाली येतं, दाराच्या कडीत अडकतं. "मावशी, मीटिंगमध्ये बोर्डावर लिहायला हात वर केला की आधी ओढणीकडे लक्ष जातं, मुद्दा नंतर आठवतो," असं ती म्हणाली. तिच्या टेबलाच्या खणात पिनांची डबी, एक काळं जाकीट, सपाट चपला आणि एक जादा ओढणी असते. शेजारच्या मुलाच्या खणात मोबाइलचा चार्जर आणि चिवड्याचा पुडा. दोघांचा हुद्दा एकच.

तिच्या कंपनीत ओढणी घ्यावी असा नियम नाही, हेही सांगायला हवं. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात टीममधल्या एका वयानं मोठ्या बाईंनी तिला बाजूला घेतलं आणि "आपल्याकडे जरा मिक्स क्राउड आहे गं," एवढंच सांगितलं. त्या बाईंचा हेतू चांगला होता. आमच्या पिढीनं असे चांगले हेतू पोत्यानं वाटलेत. बँकेत होते तेव्हा नव्या मुलींना 'केबिनमध्ये जाताना पदर नीट घेऊन जा' हे मीही सांगितलंय. ज्याच्यासाठी पदर नीट घ्यायचा त्याला काय सांगायला हवं होतं, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. ते सांगण्याची सोय नव्हती.

आता शाळेकडे येऊ. 15 मार्च 2024 रोजी शालेय शिक्षण विभागानं शिक्षकांसाठी असंच परिपत्रक काढलं. शिक्षिकांनी साडी किंवा सलवार, चुडीदार, कुर्ता, दुपट्टा घालावा, शिक्षकांनी शर्ट पँटमध्ये खोचावा, जीन्स-टी-शर्ट आणि गडद, नक्षीदार, छापील कपडे नकोत. सोबत, डॉक्टर नावाआधी 'डॉ.' लावतात तसं शिक्षकांनीही नावाआधी संबोधन लावावं अशी सूचना होती. कारण दिलं होतं ते मुलांवर होणाऱ्या परिणामाचं, आणि ते अगदीच पोकळ नाही. मुलं बाईंकडे बघतात, फार बारकाईनं बघतात. तिसरीतल्या बाईंची मोरपंखी साडी माझ्या डोळ्यासमोर आजही आहे, त्यांनी शिकवलेला भागाकार मात्र नाही. शिक्षकानं नीटनेटकं असावं याला कोणाची हरकत असेल?

पण नीटनेटकेपणाची व्याख्या करताना प्राथमिक शाळेतल्या बाई दिवसभर काय करतात, हेही एकदा बघायचं होतं. त्या जमिनीवर मुलांबरोबर मांडी घालून बसतात. परिपाठाला हात वर-खाली करून दाखवतात. खिचडीच्या पातेल्याजवळ उभ्या राहतात, तिथे चूल असते. पळालेल्या पोराच्या मागे पळतात. निवडणूक आली की तालुक्याला जाऊन मतदान यंत्रं ताब्यात घेतात, मिळेल त्या गाडीनं केंद्रावर पोचतात, रात्र तिथल्याच वर्गखोलीत काढतात आणि पहाटे उठून मॉक पोल घेतात. यांपैकी किती कामं साडीत सोपी होतात? ज्यांना होतात त्यांनी जरूर नेसावी. माझ्या ओळखीच्या कित्येकजणी साडीत धावतात आणि मला हेवा वाटतो. पण मग तो त्यांचा निर्णय झाला. राहता राहिला छापील कपडा. मराठी शाळेतल्या बाईंनी छापील कॉटनचा कुर्ता घातला तर मुलांच्या कोवळ्या मनावर नेमका कुठला ओरखडा उठतो, हे समजावून घ्यायला मला आवडेल.

गंमत म्हणजे या परिपत्रकात सभ्य म्हणून मिरवणारा सलवार-कुर्ता एके काळी आपल्याकडे वादाचाच कपडा होता. त्याला 'पंजाबी ड्रेस' म्हणत, आणि 'लग्नाआधी काय घालायचं ते घाल, आमच्याकडे पंजाबी ड्रेस चालणार नाही' हे वाक्य बघण्याच्या कार्यक्रमात सासूबाई ठणकावून सांगत. बँकेत पहिल्यांदा कोणी ड्रेस घालून आलं की कुजबूज व्हायची, आणि 'फक्त शनिवारी, हाफ डे असतो म्हणून' अशी तडजोड निघायची. त्याच्याही आधी नऊवारी सोडून सहावारी गोल साडी नेसणाऱ्या मुली फॅशनेबल ठरल्या होत्या. त्याच्याही मागे गेलं तर एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात बाईनं पायात जोडे घालणं, हातात छत्री धरणं एवढंही हुर्यो उडवायला पुरत असे. सावित्रीबाई फुले शाळेत जाताना जादा लुगडं बरोबर ठेवत ही हकीकत सगळ्यांना पाठ आहे. अंगावरच्या लुगड्यावर शेणमाती फेकली जायची म्हणून. त्यांचं लुगडं तर पूर्ण अंगभर होतं, काळाला धरून होतं. फेकणाऱ्यांचा राग त्या कपड्यावर नव्हताच, ती बाई शाळेकडे निघाली होती यावर होता.

हा राग कापड कमी झालं म्हणून येतो असंही नाही. पुण्यातल्या दुचाकीवरच्या मुलींचा स्कार्फ घ्या. डोळे सोडून सगळा चेहरा बांधलेला, वर गॉगल, हातात कोपरापर्यंत मोजे. ऊन, धूळ आणि धूर यांवर मुलींनी स्वतः शोधलेला हा तोडगा. कुठल्या डिझायनरनं दिला नाही, कुठल्या साहेबानं सुचवला नाही. अंग झाकण्याबद्दल मुलींचं कौतुक व्हायला हवं होतं. उलट प्रश्न आला, तोंड का लपवता? कोणाबरोबर फिरता? सुरक्षेच्या नावाखाली स्कार्फवर बंदी घाला, असंही सुचवून झालं. 2024 मध्ये चेंबूरच्या एका महाविद्यालयानं आधी हिजाब, नकाब, बुरखा, टोपी यांना मनाई केली, आणि मग फाटक्या जीन्स, टी-शर्ट, जर्सी यांनाही. अंग झाकलं तरी अडचण, नाही झाकलं तरी अडचण. उच्च न्यायालयानं जूनमध्ये मुलींची याचिका फेटाळली; सर्वोच्च न्यायालयानं 9 ऑगस्टला हिजाब आणि टोपीवरच्या मनाईला अंतरिम स्थगिती दिली आणि टिळा, टिकलीवरही बंदी घालणार का, असं विचारलं. हिजाबाबद्दल माझी स्वतःची मतं आहेत आणि ती हिजाबाच्या बाजूची नाहीत. पण मुलगी तो घालून वर्गात बसत असेल आणि काढल्याशिवाय वर्गात येऊ नको म्हटल्यावर तिचं शिक्षण सुटणार असेल, तर माझं मत मी खिशात ठेवीन.

खिशावरून आठवलं. बायकांच्या कपड्यांत खिसे नसतात, असले तर त्यात धड रुमाल मावत नाही. कामाच्या जागी बाईनं काय घालावं यावर एवढी शाई सांडली, पण तिनं ओळखपत्र, किल्ली आणि फोन कुठे ठेवायचा हे कुठल्याच परिपत्रकात नाही. शिंप्याकडे कुर्ता टाकताना "बाजूला खिसा लावा" म्हटलं तर "ताई, फिटिंग बिघडेल" असं उत्तर येतं. लावून घ्या. फिटिंग बिघडत नाही.

यापेक्षा मोठा प्रश्न स्वच्छतागृहाचा. मुंबईत 'राइट टू पी' मोहीम 2011 पासून बायकांसाठी साध्या मुतारीची मागणी करतेय. फिरतीचं काम करणाऱ्या, बाजारात, कोर्टात, तालुक्याच्या कचेऱ्यांत दिवस काढणाऱ्या बायका पाणी कमी पितात, कारण जायला जागा नसते. जागा असते तिथे कडी नसते, कडी असते तिथे पाणी नसतं. ओल्या फरशीवर सलवार दोन्ही हातांनी वर धरून, ओढणी मानेभोवती गुंडाळून, पर्स दातात धरून हा कार्यक्रम कसा पार पडतो ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. पोशाखाचं परिपत्रक एका दुपारी टाइप होतं आणि त्याला छदामही लागत नाही. संडास बांधायला निविदा काढावी लागते. म्हणून आपल्याकडे आधी परिपत्रक येतं.

खासगी क्षेत्र सरकारहून उदार आहे असा एक समज आहे. तिथे बंधन सहसा कमी कपड्यांवर नसतं, जास्त नटण्याचं असतं. स्वागतकक्षातल्या मुलीला उंच टाचा, लिपस्टिक, केस अमुक तऱ्हेचे. लंडनमध्ये 2015 साली एका कार्यालयात स्वागतिका म्हणून आलेल्या निकोला थॉर्पला सपाट बूट घातले म्हणून पहिल्याच दिवशी बिनपगारी घरी पाठवलं होतं. तिच्या अर्जावर दीड लाखाहून अधिक सह्या झाल्या आणि प्रकरण ब्रिटिश संसदेपर्यंत गेलं. आपल्या साड्यांच्या दुकानांत मुली दहा-दहा तास उभ्या असतात, हसऱ्या चेहऱ्यानं, दुकानानं दिलेल्या साडीत, आणि स्टूल ठेवलेलं असलं तरी बसायचं नसतं. केरळनं 2018 मध्ये आणि तमिळनाडूनं 2021 मध्ये दुकानातल्या कामगारांना बसण्याचा हक्क कायद्यानं दिला. विमान कंपन्यांचंही तेच. हवाईसुंदरी हा शब्दच बघा ना. अकासा एअरनं 2022 मध्ये आपल्या कर्मचारी मुलींना पँट आणि स्निकर दिले, त्याची बातमी झाली. विमानात तासन्‌तास उभं राहणाऱ्या, आग लागली तर प्रवाशांना बाहेर काढण्याची जबाबदारी असलेल्या बाईला सपाट बूट मिळणं ही बातमी व्हावी?

आई-वडिलांच्या काळजीबद्दल मी वेगळं बोलेन, कारण ती परिपत्रकासारखी थंड नसते. मुलगी रात्री नऊला निघते, आई दारात उभी राहून वरपासून खालपर्यंत बघते आणि म्हणते, वरून काहीतरी घाल गं. त्या आईनं स्वतः लोकलच्या जिन्यावर धक्के खाल्लेले असतात. तिला 'बुरसटलेली' म्हणणं सोपं आहे. पण तिचा हिशेब चुकीचा आहे, आणि तो चुकल्यानं नुकसान मुलीचंच होतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं दाखवतात की नोंदलेल्या बलात्कारांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी ओळखीतला असतो: शेजारी, नातेवाईक, मित्र, मालक. त्याला कपड्यांनी भुलण्याची गरज नसते. आज ऑफिसात जाणाऱ्या प्रत्येक मुलीच्या पाठीशी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा जो कायदा आहे, 1997 च्या विशाखा निवाड्यातून 2013 साली आलेला, त्याचं मूळ राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवींच्या लढ्यात आहे. डोक्यावरून ओढणी घेणाऱ्या या बाई सरकारी कार्यक्रमात साथीन म्हणून काम करायच्या, बालविवाह थांबवायच्या, आणि 1992 मध्ये त्याचा सूड म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. 2022 साली कोझिकोडच्या एका न्यायाधीशांनी तक्रारदार बाईचे कपडे उत्तेजक होते म्हणून तिची तक्रार प्रथमदर्शनी टिकत नाही असं आदेशात लिहिलं. केरळ उच्च न्यायालयाला ते शेरे काढून टाकावे लागले. घरातलं 'वरून काहीतरी घाल' पुढे असं कोर्टापर्यंत पोचतं. आणि पुढे काही घडलंच, तर मुलगी पहिल्यांदा आठवते ते आपण काय घातलं होतं, आणि घरी सांगत नाही. आईला जे टाळायचं होतं त्यातलं सगळ्यात वाईट हेच असतं.

काळजीच करायची असेल तर दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कार्यालयात लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती असावी लागते, ती तुझ्याकडे आहे का, तिची अध्यक्ष कोण, असं मुलीला विचारा. रात्री सोडायला गाडी येते का, ती शेवटी कोणाला सोडते, हे विचारा.

कामाबाहेरच्या कपड्यांवर मला फार बोलायचं नाही. ते ज्याचं त्यानं बघावं. आपल्या घरांत एक दृश्य रोज दिसतं. बेल वाजते, गाऊनमधली बाई दार उघडण्याआधी खुंटीवरची ओढणी किंवा हाताला लागेल तो टॉवेल खांद्यावर टाकते. गाऊन गळ्यापासून घोट्यापर्यंत असतो. दारात गॅसवाला असतो, तो सिलिंडरकडे बघत असतो. आतून लुंगीवर उघडा बसलेला नवरा ओरडून विचारतो, कोण आहे गं? देवळांचंही आता तसंच होत चाललंय. तुळजापूरला मे 2023 मध्ये कपड्यांबद्दलचा फलक लागला आणि ओरड होताच मागे घेतला गेला. सिद्धिविनायकानं 2025 च्या जानेवारीत नियम केला. देवळानं नियम करावा की नाही यावर भाविकांनी भांडावं. वारीत चिखलानं भरलेली, घामानं चिंब झालेली साडी नेसून उभ्या राहिलेल्या बाईला विठ्ठलानं कधी परत पाठवलेलं नाही, एवढंच मला म्हणायचंय.

मला काय आवडतं? फाटक्या जीन्स मला आवडत नाहीत. पैसे देऊन भोकं विकत घ्यायची हे माझ्या मध्यमवर्गीय जिवाला झेपत नाही. लग्नसराईत चाळिशीतल्या बायकाही घालतात ते पाठ बांधणाऱ्या दोऱ्यांचे ब्लाउज पाहून मला थंडी वाजते. पण माझी आवड हा दुसरीवर घालायचा नियम कसा होईल? मला भेंडीही आवडत नाही.

पहिल्या नोकरीला लागणाऱ्या मुलीनं मला विचारलंच, तर मी सांगेन की बस सुटताना दिसली तर धावता येईल अशा चपला घाल. जिथे काम आहे तिथली माणसं बघ; गडचिरोलीच्या पाड्यावर आरोग्य तपासणीला जाताना आणि बांद्र्याच्या जाहिरात कंपनीत जाताना वेगळे कपडे लागतात, हे कळणं म्हणजे गुलामी नव्हे, तो कामाचाच भाग आहे. पुरुषांनाही ते लागतंच, बर्मुडा घालून कोणी घरकर्जाच्या मुलाखतीला जात नाही. धुतलेलं, इस्त्री केलेलं, स्वतःला सारखं ओढत-सावरत बसावं लागणार नाही असं काहीही घाल. सकाळी आरशासमोर दहा मिनिटं जास्त घालवलीस तरी त्यात काही पाप नाही, नटण्याची हौस असणं हा बुद्धी कमी असल्याचा पुरावा नाही. मग कोणी बाजूला घेऊन "जरा नीट येत जा" म्हणालंच, तर आवाज न चढवता विचार की नेमकं काय नीट नाही, नियम कुठे लिहिलाय, तो इथल्या पुरुषांना काय सांगतो. मग जागेवर येऊन त्याच माणसाला मेल कर: आज तुम्ही अमुक म्हणालात, कृपया संबंधित नियमाची प्रत पाठवावी. समितीला प्रत ठेव. उत्तर आलं तर वाचू, त्यात खरंच काही कारण असेल तर मानूही.